पोरं मैदानावर, पण घड्याळ बघून



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये क्रीडा स्पर्धा आणि सहलींची गडबड सुरू होते. थंडीत पोरं बाहेर गेली तर आजारी पडतील, असं आपल्याला वाटतं. पण बोरीवलीची थंडी अंगाला फारशी बाधत नाही. जपायचं ते तीन गोष्टींना: सकाळची धूसर हवा, दुपारचं ऊन आणि संध्याकाळचा अंधार. म्हणून घरात डांबू नका, वेळ ठरवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी.

सकाळ : हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. धूर आणि धूळ वर न जाता खालीच साचते. पळताना मूल जोरात श्वास घेतं, तेवढी धूळ जास्त आत जाते. ‘समीर’ या मोबाइल ॲपवर हवेचा निर्देशांक बघा. १००च्या वर असेल तर दम्याच्या मुलांना जपा. २००च्या वर गेला की हवा ‘खराब’. त्या दिवशी धावण्याच्या शर्यती नकोत, वर्गात योगासनं किंवा कॅरम चालेल.

दुपार : डिसेंबरमध्येही पारा ३० अंशांच्या वर जातो. थंडी आहे म्हणून मुलं पाणी कमी पितात आणि चक्कर येते. पाण्याची बाटली, टोपी आणि शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाचा लाडू सोबत द्या. उपाशीपोटी पाठवू नका.

संध्याकाळ : डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत आणि अंधार पडला की ते वस्तीच्या कडेनं फिरतात. पाड्यांवरच्या आणि उद्यानालगतच्या मुलांचा सराव पाचच्या आत संपवा. घरी येताना घोळक्यानं, मोठ्यानं बोलत यायचं. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं किंवा वाकायचं नाही. उभं राहून, हात वर करून, हळूहळू मागे सरायचं. लहानग्याला उचलून घ्यायचं. वन विभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते.

सहल कान्हेरीला असेल तर : मुख्य दरवाजापासून लेणी साधारण ६ किलोमीटर आहेत. वर पायऱ्या आणि उघडा कातळ आहे. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. सोमवारी उद्यान बंद असतं. माकडांसमोर खाऊ काढू नका.

शाळेला हे विचाराच :
१. किती मुलांमागे एक शिक्षक आहे?
२. निघताना आणि परतताना हजेरी घेणार का?
३. प्रथमोपचार पेटी कोणाकडे असेल?
४. हवा खराब असेल तर दुसरा बेत काय?
५. परत किती वाजता?

आणि एक गोष्ट आपल्याकडून. मुलाला दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो शाळेपासून लपवू नका. संघातून नाव काढतील या भीतीनं आपण गप्प बसतो. पण मैदानावर श्वास अडकला तर शिक्षकांना काहीच माहीत नसतं. औषधाचा पंप दप्तरात ठेवा, शिक्षकांना दाखवून ठेवा. गरज पडली तर १०८वर रुग्णवाहिका बोलवा.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटातली किती मुलं सरावाहून अंधारात घरी येतात? त्यांना आणायला आळीपाळीनं कोण जाईल? नावं आजच वहीत लिहा.