दोन चपळ मोटारी : त्वरण व परमवेग यांचा विचार

‘गुरुजी, या दोहोंपैकी वेगवान गाडी कोणती?’ असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. उभ्या स्थितीतून लवकर वेग धरणे ही एक, आणि अखेरीस अधिकांत अधिक वेग गाठणे ही दुसरी. पहिलीस त्वरण म्हणतात, दुसरीस परमवेग. ज्यास हा भेद समजला त्यास गतीचे निम्मे शास्त्र समजले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या मावळातील बैलगाडा शर्यत पाहा. घाटात बारी सुटली की काही सेकंदांतच निकाल लागतो. तेथे जो बैल सुटताक्षणी झेपावतो तोच जिंकतो. दूरच्या पल्ल्यावर कोण किती पळेल हे कोणी विचारीत नाही. ती शर्यत बहुतांशी त्वरणाची होय.

आता उदाहरणाकरिता आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या दोन मोटारी घेऊ. एक, चाकण येथील कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ही २०१३ साली बाजारात आली. दुसरी, रांजणगाव येथील कारखान्यातील फियाट पुंटो अबार्थ. ही २०१५ साली आली. दोन्ही लहान बांध्याच्या, दोहोंचे इंजिन पेट्रोलचे व टर्बोचार्जरने युक्त. पोलोचे इंजिन १.२ लिटरचे, सुमारे १०५ अश्वशक्तीचे, अबार्थचे १.४ लिटरचे, १४५ अश्वशक्तीचे. अबार्थ थोड्याच वर्षांत बंद झाली, व पोलोचे चाकण येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तथापि अभ्यासास ही जोडी अद्यापि उत्तम आहे.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे अबार्थला ८.८ सेकंद व पोलोला ९.७ सेकंद लागत. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास २७.८ मीटर. यास काळाने भागिले असता अबार्थचे सरासरी त्वरण ३.१६, व पोलोचे २.८७ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद येते. झाडावरून सुटलेल्या आंब्याचे त्वरण ९.८ असते. म्हणजे इतका खटाटोप करूनही ही यंत्रे आंब्याच्या एकतृतीयांशाच्या आसपासच राहतात!

येथे चिकित्सक विद्यार्थ्यास शंका येईल. अबार्थची शक्ती शेकडा ३८ ने अधिक, मग त्वरण शेकडा १० नेच अधिक का? याची कारणे तीन. प्रथमतः, पोलो वजनाने हलकी. आणि तेवढ्याच बलाने हलकी वस्तू अधिक त्वरण पावते, हा न्यूटनचा दुसरा नियम होय. दुसरे, दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, व टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. ती सुटली की चाक जागीच फिरते आणि शक्ती वाया जाते. तिसरे, अबार्थचे पाच गिअर हाताने बदलावे लागत, व तेवढा वेळ इंजिनाची ओढ तुटे. पोलोत दुहेरी क्लचची सात गिअरांची स्वयंचलित योजना असल्याने तो खंड फारच अल्प असे.

परमवेगाचा न्याय निराळा आहे. वेग वाढतो तसतसा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, व त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर रोध चौपट, आणि शक्ती आठपट हवी. दोन्ही गाड्यांचा आकार सारखाच मानिला, तर १.३८ पट शक्तीने परमवेग किती वाढेल? १.३८ चे घनमूळ सुमारे १.११, म्हणजे केवळ शेकडा ११ ची वाढ. इंजिनाची अखेरची शक्ती अशी वाऱ्याशी झुंजण्यातच खर्ची पडते.

असो. आता व्यवहार पाहू. या दोन गाड्या मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर एकाच क्षणी सुटल्या, व सपाटीवरील ताशी १०० किलोमीटरची मर्यादा दोघींनीही पाळली, असे समजा. त्वरण एकसारखे धरिले तर अबार्थची आघाडी फक्त १२.५ मीटरांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी राहील; व पुढे कितीही अंतर गेले तरी ती तेवढीच राहील. ४० अश्वशक्तींचे फलित ते एवढेच!

परंतु थांबण्याचा हिशेब याहून गंभीर आहे. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद जातो, व कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे सेकंदास ७ मीटर या प्रमाणात वेग घटतो, असे धरू. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २८ मीटरांत थांबेल; १०० वेगाची मात्र ८३ मीटर घेईल. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. आषाढाच्या पावसात पकड निम्मी झाली तर हेच अंतर १३८ मीटर होते. कान्हे फाट्याहून टाकव्याकडे येणाऱ्या रस्त्यावर सायकलवरील मूल, दुधाच्या किटल्या नेणारा माणूस किंवा गुरांचा कळप वळणावर एवढ्या अंतरावरून दिसतो काय, याचा प्रत्येकाने विचार करावा. ताशी १०० वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ३९ मीटर उंचीवरून, अर्थात बारा-तेरा मजल्यांवरून, खाली पडणे होय.

पालकांसही येथे एक शब्द सांगणे आवश्यक वाटते. मोटार चालविण्यास १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यान्वये अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तथापि दंड हा भरून निघतो. मूल भरून निघत नाही. कौतुकाने मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी वरील ८३ मीटर आपल्या शेताच्या बांधावर त्याच्यासह पावलांनी मोजून पाहावे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे : वेग धरण्यात अबार्थ सरस, परमवेगातही तिच्या शक्तीमुळे तिचेच पारडे जड; परंतु रस्त्यावर श्रेष्ठ गाडी ती, जिचा चालक दिसणाऱ्या अंतरात तिला थांबवू शकतो.

अभ्यासाकरिता प्रश्न
१. दोन्ही गाड्यांचे त्वरण एकसारखे मानून ताशी १०० किलोमीटर वेग गाठीपर्यंत त्या किती अंतर जातील ते काढा. (उत्तर : सुमारे १२२ व १३५ मीटर)
२. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर किती अंतरात थांबेल? (उत्तर : सुमारे ५७.५ मीटर)
३. द्रुतगती महामार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर आहे. ताशी १०० ऐवजी १२० वेगाने गेल्यास किती मिनिटे वाचतील? ती मिनिटे व वाढलेले थांबण्याचे अंतर यांची तुलना करून आपले मत दहा ओळींत लिहा.