सिंकखाली पाणी गळतंय? आधी जागा शोधा

ओट्याखालचं दार उघडल्यावर कुबट वास आला, तळाची फळी फुगलेली दिसली, की सिंकचा निचरा कुठेतरी गळतोय असं समजा. बहुतेक वेळा दोष एखाद्या कडक झालेल्या रबरी वॉशरचा किंवा ढिल्या नटाचा असतो. नवख्या माणसालाही ही दुरुस्ती जमते. फक्त हात घालण्याआधी पाणी कुठून येतंय ते पक्कं करायला हवं.

साहित्य

पसरट टब, जुनी फडकी, टिश्यू पेपर, टॉर्च, रबरी हातमोजे, स्क्रू ड्रायव्हर, मोठ्या तोंडाचा पाना, जुना टूथब्रश. नवा वॉशर किंवा पाइप आधीच आणू नका. जुना काढून तोच हार्डवेअरच्या दुकानात दाखवा. ३२ मि.मी. आणि ४० मि.मी. ही मापं नुसत्या नजरेला सारखीच वाटतात आणि हमखास फसवतात.

कृती

१. सिंकखालची जागा रिकामी करा. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा प्लग तिथे असेल तर बटण बंद करून काढून ठेवा. जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्या. नुकतीच तुंबलेला निचरा मोकळा करायची पावडर टाकली असेल, तर पाइपात कॉस्टिक सोडा असू शकतो. अशा वेळी भरपूर पाणी सोडा, हातमोजे घाला आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

२. सगळे पाइप पुसून कोरडे करा आणि नळ बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. सिंक न वापरताही ओल आली, तर निचऱ्याला दोष देऊ नका. अँगल कॉक, नळाची जोडणी आणि शुद्धीकरण यंत्राच्या बारीक नळ्या तपासा.

३. जाळीचं तोंड बुचाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने बंद करून सिंक अर्धं भरा. खाली प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू टेकवा. पाणी साठलेलं असतानाच टिश्यू भिजला तर दोष जाळीपाशी आहे. बूच काढून पाणी सोडल्यावर भिजला तर दोष त्याच्या खाली आहे. थेंब पाइपावरून ओघळत खाली येतो, म्हणून शोध वरून खाली घ्या. सर्वांत वरचा ओला सांधा तोच गुन्हेगार.

४. आता टब खाली ठेवा आणि जागेप्रमाणे दुरुस्ती करा.

*जाळी:* काही जाळ्या मधल्या स्क्रूने आवळतात, काही खालच्या मोठ्या नटाने. आधी थोडं आवळून बघा. नट फिरवताना वरून जाळी कुणाला तरी धरायला सांगा. गळती थांबली नाही तर जाळी काढा, कडेचा मळ आणि तेलकट थर घासून काढा, जागा पूर्ण कोरडी करा आणि नवा वॉशर बसवा. सिंकचा पत्रा वाकला असेल तर वॉशरसोबत सिलिकॉन सीलंटचा पातळ थर द्या आणि निदान २४ तास पाणी सोडू नका.

*पाइपाचा नट:* सोडवून आतला वॉशर बघा. तो निमुळता असेल तर सपाट बाजू नटाकडे आणि निमुळती बाजू सांध्याच्या आत जायला हवी. नट आधी हाताने सरळ आट्यांवर बसवा, मग पान्याने पाव फेरा पुरे. प्लास्टिकचा नट जोर लावला की तडकतो. इथे पाणी वॉशर अडवतो, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही.

*बॉटल ट्रॅप:* खालची वाटी फिरवून काढा. आत साठलेला शितं-तेलाचा गाळ टाकून द्या, कडेचा वॉशर धुऊन किंवा बदलून वाटी परत लावा.

*लवचिक पाइप:* वळ्यांमध्ये चीर गेली असेल तर पाइपच बदला. चिकटपट्टी चार दिवसांत सुटते. नवा पाइप मध्ये झोळ पडेल इतका लांब ठेवू नका, तिथे गाळ साठतो. दुर्गंधी अडवण्यासाठी ट्रॅप नसेल तर मात्र पाइपाला एक वळसा मुद्दाम ठेवतात. तो सरळ करू नका.

*जमिनीतलं किंवा भिंतीतलं तोंड:* इथून पाणी उलटं येत असेल तर पुढे तुंबलंय. आधी ते साफ करा, मगच रबरी कॉलर बदला.

५. पुन्हा सिंक अर्धं भरून एकदम सोडा आणि सगळे सांधे टिश्यूने तपासा. रात्रभर खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा. सकाळी डाग नसेल तरच डबे परत ठेवा.

लक्षात ठेवा

सांध्यावर बाहेरून एम-सील लिंपू नका. पुढच्या वेळी तो सांधा उघडणार नाही, कापावाच लागेल. शेवयांचं किंवा बटाट्यांचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं आणि सांधे ढिले होतात. सोबत थंड पाण्याचा नळ सोडा. भिंत ओलसर दिसत असेल किंवा खालच्या मजल्याच्या छताला डाग पडला असेल, तर पाना खाली ठेवा आणि प्लंबरला बोलवा.