ब्राउझरची साफसफाई: आपल्या कॉम्प्युटरवर काय पुसायचं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय?

सोलापुरात छोटा धंदा सुरू करताना आपला दोन प्रकारच्या कॉम्प्युटरशी संबंध येतो. एक घरचा किंवा दुकानातला. दुसरा नेट कॅफेतला, जिथे आपण उद्यमचा फॉर्म भरायला, जीएसटीचे कागद किंवा बँक स्टेटमेंट प्रिंट करायला जातो. दोन्हीकडे सल्ला एकच मिळतो, "हिस्टरी क्लिअर करा." पण दोन्हीकडे पुसायची गोष्ट वेगळी असते. तिथे गल्लत झाली की एकतर काम अडतं, नाहीतर आपले कागद परक्या मशीनवर राहतात.

आधी चार शब्द समजून घेऊ

टॉवेल-चादरीचं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा.

* हिस्टरी: कोणत्या साइटवर कधी गेलात, त्याची नोंदवही.
* कॅश: गल्ल्यातल्या पैशांशी याचा संबंध नाही बरं का! दरवेळी गोदामात जायला नको म्हणून आपण नमुने काउंटरवर काढून ठेवतो. तसंच ब्राउझर साइटचे फोटो आणि फाइली मशीनवर ठेवतो, म्हणजे पान पटकन उघडतं.
* कुकीज: साइटने दिलेला ओळखीचा बिल्ला. त्यामुळे लॉगिन टिकून राहतं.
* सेव्ह केलेले पासवर्ड: किल्ल्यांचा जुडगा.

आपला कॉम्प्युटर असेल तर

दर बदलला, पण काउंटरवर जुनंच रेटकार्ड राहिलं तर गिऱ्हाईक जुनाच भाव मागणार. तुमच्या वेबसाइटवर नवीन किंमत टाकूनही जुनीच दिसते किंवा सरकारी पोर्टलचं पान अर्धवट उघडतं, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

१. आधी कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. पान नव्याने येतं. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.
२. नाही भागलं तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकत्र दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत ही खिडकी उघडते.
३. फक्त कॅशच्या फाइलींवर टिक ठेवा. काळ 'ऑल टाइम' निवडा आणि डिलीट करा.

पासवर्डची टिक काढलेली आहे ना, हे दोनदा बघा. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी पासवर्ड शोधत बसायची वेळ येऊ नये. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर इथे पुसलेली हिस्टरी आणि पासवर्ड तुमच्या मोबाईलवरूनही जातात, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्याचा कॉम्प्युटर असेल तर

इथे कॅशपेक्षा बाकीच्या गोष्टींची काळजी जास्त. उद्यमच्या अर्जात आधार, पॅन, बँक खातं असं सगळं लागतं. दुसऱ्यांचे आधार-पॅन वापरून बोगस जीएसटी नोंदण्या काढल्याचे प्रकार देशात घडलेत. २०२३ मध्ये त्याविरुद्ध देशभर खास मोहीम काढावी लागली होती. म्हणून हा क्रम पाळा:

१. बसल्या बसल्या कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये एन ऐवजी पी). ती बंद केली की तिची हिस्टरी आणि कुकीज आपोआप जातात.
२. "पासवर्ड सेव्ह करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा.
३. काम झालं की प्रत्येक साइटवरून लॉगआउट व्हा. नुसती खिडकी बंद करून उठू नका.
४. डाउनलोड्स फोल्डर उघडा. आधार, पॅन, स्टेटमेंटच्या पीडीएफ इनकॉग्निटोतही तिथेच राहतात. त्या डिलीट करा, मग रिसायकल बिनमधूनही काढा.
५. व्हॉट्सॲप वेब वापरलं असेल तर मोबाईलमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून ते मशीन काढून टाका.

साध्या खिडकीतच काम केलं असेल तर लॉगआउट होऊन हिस्टरी आणि कुकीज पुसा, पण काळ 'लास्ट अवर' निवडा. एका तासापेक्षा जास्त बसला असाल तर त्यापुढचा. 'ऑल टाइम' केलंत तर कॅफेवाल्याची लॉगिनंही जातील. त्या बिचाऱ्याचा खोळंबा कशाला?

पुसलं म्हणजे सगळीकडून गेलं?

नाही. ब्राउझर फक्त त्या मशीनवरची नोंद पुसतो. साइटकडे आणि इंटरनेट कंपनीकडे त्यांची नोंद राहते. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार तर पाहिलेल्या साइटची नोंद कॅफेचालकाने किमान एक वर्ष ठेवायची असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याला पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती आपले कागद लागू द्यायचे नाहीत, एवढाच मुद्दा आहे.

आणि पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आजचं काम: मोबाईलमधले 'लिंक्ड डिव्हाइसेस' आत्ता उघडा. ओळखीचं नसलेलं मशीन दिसतंय का? दिसलं तर लगेच काढा आणि कमेंटमध्ये नुसतं "झालं" लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!