चालती मोटार अचानक बंद का पडते? : जुन्या गाडीतील दोष ओळखण्याची रीत

सोलापूरहून उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बीदर जिल्ह्यात शिरल्यावर बसवकल्याण तालुक्यातील राजेश्वर या गावावरून हुमनाबादकडे जातो. पूर्वी या मार्गाचा क्रमांक ९ होता. आता तो ६५ आहे. अवजड वाहनांची ये-जा येथे रात्रंदिवस चालू असते, आणि त्यांच्या रांगेत अधूनमधून एखादी जुनी अँबॅसडर, पद्मिनी किंवा कार्बुरेटर असलेली मारुतीही दिसते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बऱ्याच आधी. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाल्यामुळे अशा गाड्या आता बहुतांशी खाजगी मालकांकडेच उरल्या आहेत. त्यांची नस ओळखणारे जुने मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. म्हणून दोष कोठे आहे हे ओळखण्याचे काम आता मालकाने स्वतःच शिकून घेणे अगत्याचे झाले आहे.

मे महिन्यातील दुपारी अशी एक गाडी राजेश्वरच्या अलीकडे बंद पडली, असे समजू. आत हैदराबादच्या रुग्णालयात न्यावयाचा रुग्ण आहे. चालक बॉनेट उघडतो आणि पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकतो. वीस मिनिटांनी गाडी चालू होते. पंप तापला होता, हे निदान सर्वांना पटते. पुढे पंचवीस-तीस किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद पडते. या वेळी तिन्हीसांजेला, भर रस्त्यात. आठवडाभराने नवा पंप बसविला जातो, तरी दोष तसाच राहतो. कारण दोष पंपात नव्हताच. तो कॉइलमध्ये होता. ओल्या फडक्याने काहीच केले नव्हते. वीस मिनिटांच्या विश्रांतीत कॉइल आपोआप थंड झाली, एवढेच घडले होते.

जुन्या गाडीच्या बाबतीत फसगत होते ती येथेच. पेट्रोलची वाफ होणे, कॉइल तापणे आणि टाकीतील कचरा नळीच्या तोंडाशी अडकणे या तीन दोषांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत. परंतु तिन्ही दोष काही वेळ थांबल्यावर नाहीसे होतात. जो उपाय त्या वेळात केला जाईल त्यालाच यशाचे श्रेय मिळते. यास्तव गाडी चालू झाली म्हणजे दोष सापडला, असे मुळीच समजू नये. दोष हजर असतो तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, आणि तपासणी व्हावयास हवी तीही तेव्हाच.

प्रथम अर्थात सुरक्षितता. इंजिन बंद पडले तरी गाडी काही अंतर वेगाने जातच असते. तेवढ्यात ती रस्त्याच्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, कारण काही गाड्यांत चावी काढताच सुकाणूचे चाक अडकते. ज्या गाडीत ब्रेकला इंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य असते, तिचे पायडल इंजिन थांबल्यावर लवकरच जड होते. अशा वेळी ते पुनःपुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबून धरावे. गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर बसवावे. रात्री एवढे झाल्याखेरीज बॉनेटला हात लावू नये, मग तपासणीची वेळ टळली तरी चालेल.

आता गाडी कशी बंद पडली, ते आठवावे. चावी फिरवून बंद करावी तशी ती एका क्षणात, धक्का न देता, शांतपणे थांबली असेल, तर दोष बहुधा विजेच्या बाजूस असतो. उलट ती आचके देत, दम लागल्यासारखी, कधी जोर धरीत तर कधी सोडीत थांबली असेल, तर पेट्रोल कमी पडत असावे असे मानण्यास जागा आहे. याचे कारण सोपे आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. वीज खंडित झाली की पुढची ठिणगी पडतच नाही. पेट्रोल अडले तरी कार्बुरेटरच्या वाटीत थोडा साठा शिल्लक असतो. तो संपेपर्यंत इंजिन रडतखडत चालते. हा नियम अपवादरहित नाही, पण दिशा दाखविण्यास पुरेसा आहे.

चावी चालू स्थितीतच ठेवून समोरच्या फळीवरील चार्जिंगचा लाल दिवा पाहावा. इंजिन थांबलेले व चावी चालू असताना तो लागलाच पाहिजे. तो लागत नसेल व हॉर्नही वाजत नसेल, तर बॅटरीची टोके सैल झालेली अथवा क्षार जमून पांढरी पडलेली असतात. हॉर्न वाजतो पण लाल दिवा लागत नाही, असे असल्यास चावीचा स्विच किंवा त्याची तार संशयास्पद ठरते. एवढे पाहून चावी बंद करावी. ती तशीच ठेवल्यास कॉइल विनाकारण तापते.

त्यानंतर ठिणगीची परीक्षा. एक जादा प्लग गाडीत नेहमी असावा. एका प्लगची तार काढून ती या जादा प्लगला लावावी, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवून ठेवावा आणि दुसऱ्या माणसास स्टार्टर फिरविण्यास सांगावे. प्लग हातात धरू नये. कॉइलमधून निघणारा दाब हजारो व्होल्टचा असतो. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही, हे आधी पाहून घ्यावे. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी पडल्यास वीज ठीक आहे. ठिणगी मुळीच पडत नसेल, किंवा पिवळट व मरतुकडी पडत असेल, तर पेट्रोलच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांना कॉइल अपरिचित नाही. प्रयोगशाळेतील प्रवर्तन वेटोळ्याचेच ते व्यवहारातील रूप होय. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट क्षणोक्षणी तोडतात आणि त्या प्रत्येक तुटण्याबरोबर आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. वर्षानुवर्षे तापल्याने या तारेवरील आवरण क्षीण होते. गरम झाल्यावर आत कोठे तरी प्रवाह गळतो किंवा तुटतो. थंड झाल्यावर सारे पूर्ववत होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये कॉइल मोजून ‘चांगली आहे’ असे सांगितले गेले, तर त्यास फारसा अर्थ नसतो. ती रस्त्यावर, बंद पडलेल्या अवस्थेत तपासावी. त्या वेळी माहीत असलेली दुसरी चांगली कॉइल जोडून ठिणगी परतली, तर शंका राहत नाही. पॉइंटच्या शेजारचा लहानसा कंडेन्सरही तापल्यावर असाच दगा देतो. पॉइंट काळे पडून जळलेले दिसल्यास प्रथम त्याच्यावर संशय घ्यावा.

डिस्ट्रिब्यूटरच्या आत एक वीतभरही नसलेली तार असते. पॉइंट ज्या तबकडीवर बसतात ती इंजिनावरील भारानुसार किंचित मागेपुढे फिरते आणि तिच्याबरोबर ही तार रोज हजारदा वाकते. वरचे आवरण शाबूत राहते, आतील तांब्याचे धागे मात्र तुटतात. चढावर किंवा ॲक्सिलरेटर सोडताच गाडी बंद पडते आणि थांबल्यावर लगेच चालू होते, अशी तक्रार असल्यास ही तार हलक्या हाताने ओढून पाहावी. ती रबरासारखी ताणली गेली, तर आत काही उरलेले नाही. या किरकोळ तारेपायी पुष्कळांनी कार्बुरेटर बदलले आहेत.

ठिणगी उत्तम असेल, तर मग इंधनाकडे वळावे. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढली जाण्याचा सूं असा आवाज आला व त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचे किंवा टाकीचे वायुछिद्र बुजले आहे. पेट्रोल जाते पण त्याची जागा घेण्यास हवा येत नाही, त्यामुळे पंप हतबल होतो. झाकणाचा दोष नसेल, तर कॉइलची तार आधी सोडवून, कार्बुरेटरकडे जाणारी नळी काढून ती बाटलीत धरावी आणि स्टार्टर फिरवावा. यंत्रावर चालणारा पंप चांगला असल्यास पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात पडते. इंजिन तापलेले असताना हे काम करू नये हे उत्तम. करावेच लागल्यास सांडलेला प्रत्येक थेंब पुसावा आणि विडी-काडी जवळ येऊ देऊ नये.

पंपात पेट्रोलची वाफ होण्याचा दोष खराही असतो. तो विशेषेकरून कडक उन्हात, रहदारीत हळू चालल्यावर किंवा चहापाण्यासाठी दहा मिनिटे थांबून पुन्हा निघताना उद्भवतो. ओल्या फडक्याने तो दोन-चार मिनिटांत हटतो. वीस मिनिटे लागली तर फडक्याला श्रेय देऊ नये. टाकीतील कचऱ्याला मात्र उन्हाशी कर्तव्य नाही. भल्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर गाडी गुदमरत असेल, तर गंज व गाळ पेट्रोलच्या ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि थांबल्यावर खाली पडतो, असे समजावे.

यात अलीकडे एका कारणाची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर मिळू लागले. उसाच्या मळीपासूनही इथेनॉल तयार होते, त्यामुळे ऊस पिकविणाऱ्या या भागाला ते परके नाही. परंतु ते पाणी शोषून घेते, टाकीतील जुना गाळ सुटा करते आणि पूर्वीच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांना मानवत नाही. जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात, आणि महिनोन्‌महिने उभ्या असणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नये. गाळणी पारदर्शक बसविल्यास आत काय साचते ते डोळ्यांना दिसते.

सरकारी गाड्यांच्या लॉगबुकात ‘गाडी बंद पडली, दुरुस्त केली’ अशी नोंद करण्याची रूढी आहे. अशा नोंदीचा मिस्त्रीला काडीचाही उपयोग होत नाही. खाजगी मालकानेही साधी वही ठेवावी आणि बंद पडण्याची वेळ, हवा, वेग, चढ की सपाटी, किती किलोमीटर चालल्यावर, शांतपणे की आचके देत, लाल दिवा लागला की नाही, ठिणगी कशी होती आणि किती मिनिटांनी गाडी चालू झाली, हे तेथेच उभे राहून लिहावे. तीन वेळांच्या अशा नोंदी घेऊन गेल्यास जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वीच कोणत्या भागाकडे पाहावयाचे ते सांगू शकतो. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला जुना भाग टाकून न देता, त्यावर तारखेची चिठ्ठी लावून डिकीत ठेवावा. नव्याने दोष हटला नाही, तर जुना निर्दोष होता हे कळते, आणि तोच पुढे हुमनाबादच्या वाटेवर कामी येतो.