भूगर्भातील उष्णता व पाण्याची वाट

सातपुड्यात महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर सालबर्डी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. तेथून ईशान्येस छिंदवाडा जिल्ह्यात अनहोनी येथेही असाच झरा आहे. २००० साली छत्तीसगड राज्यात गेलेल्या तातापानी येथे तर पाणी जवळजवळ उकळतच वर येते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, खडकाच्या उष्णतेने तापते व दुसऱ्या भेगेने वर येते.

जमिनीत दर किलोमीटर खोलीस तापमान साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे उष्णता सर्वत्र आहे. ती वर आणणारे पाणी व त्यास वाट मात्र सर्वत्र नाही. या दृष्टीने पुढील तीन पद्धती महत्त्वाच्या होत.

(१) पाणी शंभर अंशांच्या आसपास असल्यास त्याची उष्णता आयसोपेंटेनसारख्या, सुमारे २८ अंशांस उकळणाऱ्या द्रवास देतात. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरते.

(२) वापरलेले पाणी दुसऱ्या कूपनलिकेने पुन्हा खोल सोडतात. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ क्षेत्रात अतिउपशाने वाफेचा दाब घटला, तेव्हा १९९७ पासून शुद्ध केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडण्यात येऊ लागले.

(३) खडक तप्त पण कोरडा असल्यास दाबाने पाणी सोडून त्यात भेगा पाडतात. एका कूपनलिकेने थंड पाणी जाते, दुसरीने तापून येते. अमेरिकेत हे प्रयोग १९७० च्या दशकात सुरू झाले. २०२३ मध्ये नेवाडा येथे खोलवर आडव्या वळविलेल्या कूपनलिकांची यशस्वी चाचणी झाली. आडव्या नळीस तप्त खडकाचा अधिक भाग लाभतो.

तथापि दाबाने सोडलेल्या पाण्यामुळे भूकंपही घडू शकतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे २००६ साली असे धक्के बसून प्रकल्प थांबला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१७ साली मोठी हानी झाली. १९९७ चा जबलपूरचा भूकंप नर्मदा खोऱ्याच्या पट्ट्यातलाच होता, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून खोदकामापूर्वीच झऱ्याची नोंद हवी. शिक्षकांनी दरमहा तापमान मोजावे व ठरावीक मापाची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवावे. उकळत्या झऱ्याजवळ मुलांना नेऊ नये. ही वही ग्रामपंचायतीत ठेवावी. पुढे कुंड आटल्याची तक्रार आल्यास अधिकाऱ्यांसमोर गावाचा तोच पुरावा राहील.