कुत्र्यांचे प्रदर्शन

बैलांचे प्रदर्शन तुम्ही पाहिले असेल. जत्रेत खिलारी बैल उभे करतात. पंच येतात, शिंगे बघतात, खूर बघतात, वशिंडावर हात फिरवतात. मग कोणाच्या तरी बैलाचा पहिला नंबर येतो आणि गुलाल उधळतो. कुत्र्यांचेही असेच प्रदर्शन भरते. हसू येते ना? पण ही चाल जुनी आहे. विलायतेत न्यूकॅसल नावाच्या गावी १८५९ साली असे प्रदर्शन भरले. तेथे फक्त शिकारी कुत्री होती आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या! आपल्या देशात हे काम केनेल क्लब पाहतात. ते कुत्र्यांच्या जन्माची नोंद ठेवतात. आई कोण, बाप कोण, हे दप्तरी लिहून ठेवतात.

आमच्या शेजारी एक तरुण मेंढपाळ राहतो. त्याला कारवानी पिल्लू हवे होते. "गुरुजी, शहरात परदर्शन हाय, संगं चला," म्हणाला. मी गेलो. दोघांचीही ही पहिलीच खेप.

मैदानात दोरी बांधून चौकोनी रिंगण केले होते. कुत्रा घेऊन येणाऱ्याच्या दंडावर नंबराची चिठ्ठी होती. परीक्षकाला मालकाचे नाव नको, नंबर पुरे. एकेका जातीला हाक येई. परीक्षक कुत्र्याचे ओठ उचलून दात बघत. पाठ, खांदे, छाती हाताने चाचपत. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरले आहेत ना, तेही बघत. मग कुत्र्याला सरळ पळवून परत आणायला सांगत, म्हणजे चाल कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणते कुत्रे जास्त देखणे, एवढेच परीक्षक बघत नाहीत. प्रत्येक जातीचे वर्णन लिहून ठेवलेले असते. डोके कसे, छाती कशी, शेपूट कशी. त्या लिखाणाशी कोणते कुत्रे जास्त जुळते, हे बघायचे. जातीत जे पहिले येते ते पुढे दुसऱ्या जातींतल्या पहिल्यांशी उभे राहते. असे करत शेवटी सगळ्या मैदानात एक उरते.

कारवानी कुत्री आली तेव्हा आमचा गडी पुढे सरकला. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेले, अंगावर बारीक केस. याच कुत्र्याला कोणी मुधोळ म्हणतात. कानावर लांब केस असले तर पश्मी म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. आपल्या रानातले जनावर तिकिटावर चढले, हे मला तरी आवडले.

आता पिल्लाची गोष्ट. फाटकाबाहेर एक मनुष्य टोपलीत पिल्ले घेऊन बसला होता. पिल्ले गोंडस होती. भावही बरा होता. आमच्या गड्याने खिशात हात घातला. मी म्हटले, "आधी कार्ड वाच."

दोन वर्षांपूर्वी त्याला अक्षर येत नव्हते. आता त्याने बोट ठेवून वाचले. जन्मतारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले. अडतीस भरले. खाली पिसाळ रोगाच्या लसीचा शिक्का होता. मग मी त्याला सांगितले की, ही लस साधारण तीन महिन्यांच्या पिल्लाला देतात. अडतीस दिवसांच्या पिल्लाला कोणी टोचली? आणि या पिल्लांची आई कुठे आहे? टोपलीवाला म्हणाला, "आई गावाला हाय." आम्ही पुढे गेलो.

आत एक बाई दोन कारवानी कुत्र्या घेऊन बसल्या होत्या. त्या स्वतः पैदास करतात. आमच्या गड्याने विचारले, "आक्का, पिल्लू मिळंल का?" त्यांनी भाव सांगितला नाही. उलट यालाच प्रश्न! "रान किती? बांधून ठेवणार का? थंडीत आसरा आहे का? याचे केस बारीक, अंग लवकर गारठतं. आणि ससा दिसला की हा ऐकायचा नाही. सशाची शिकार १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?" गडी कावला. मला म्हणतो, "विकायचं हाय का परीक्षा घ्यायची?" मला मात्र बाई पटल्या. ज्याला पिल्लू कुठे जाते याची काळजी आहे, त्याने आईचीही काळजी घेतली असणार.

त्यांनी हिशेब समजावला, तो तुम्ही पाटीवर मांडा. पिल्लू आईच्या पोटात सुमारे ६३ दिवस असते. जन्मल्यावर निदान ५६ दिवस आईपाशी हवे. एकूण ११९ दिवस, म्हणजे जवळजवळ चार महिने आईच्या अंगावर भार. भावंडांशी खेळताना पिल्लू चावायचे किती आणि थांबायचे कधी हे शिकते. लवकर तोडले तर ते शिक्षण राहून जाते आणि पुढे घरातल्या पोरांना दात लागतात. २०१७ साली सरकारने नियम केले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू पैदास करणाऱ्याने विकायचे नाही. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी फळवायची नाही. बारा महिन्यांत दोन वेळा नाही, आणि जन्मात पाचाहून अधिक वेळा नाही. काही लोक कुत्रीला दर माजाला फळवतात आणि थकली की रस्त्यावर सोडतात. त्यांना दोन नावे ठेवावीत तेवढी थोडी.

"बक्षीस मिळालेल्या नराचं पिल्लू म्हणजे चांगलंच असंल की?" गड्याने विचारले. बाई हसल्या. "फीत बापाला मिळाली, दादा. पिल्लाला वाढवायचं तुम्हाला. घरी या, आई बघा. ती अंगावर आली, नाहीतर भिऊन कोपऱ्यात बसली, तर पिल्लू घेऊ नका."

निघताना त्यांनी आणखी एक सांगितले. लशी पुऱ्या न झालेले पिल्लू अशा गर्दीत आणू नये. पार्व्हो नावाचा जुलाबाचा रोग आहे. त्याचे विष मातीत महिनोन् महिने टिकते आणि माणसाच्या चपलेलाही लागून येते. घरी कुत्रे असेल तर आधी चपला बाहेर काढाव्या, हात साबणाने धुवावे, मग त्याला जवळ घ्यावे.

गड्याने बाईंच्या वहीत आपले नाव स्वतः लिहिले. पिल्ले व्हायला अजून अडीच महिने होते. तो आई बघायला दोनदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला त्याची बायकोही बरोबर गेली, कारण कुत्र्याला भाकरी तिलाच घालायची होती.