आत्याच्या मफिनचा घाणा

पोरी, परवा तू पाठवलेला फोटो बघितला. बारा मफिनं, प्रत्येकाच्या मधोमध खळगा, आणि खाली तुझं वाक्य: "आत्या, पौष्टिक केली की पोरं खात नाहीत, आणि पोरं खातात ती पौष्टिक नसतात." मी हसले, पण तुला नाही हो, स्वतःलाच. माझं पहिलं कणकेचं मफिन हातात तोलून तुझ्या बाबानं विचारलं होतं, "ताई, हे खायचं की दाराला टेकू लावायचा?" तेव्हापासून आजवर मी जेवढी मफिनं बिघडवली, तेवढी तू खाल्लीही नसशील. ती बिघाडाची शिदोरी तुझ्या पदरात टाकते.

आधी प्रमाण लिहून घे, १२ मफिनांचं. दीड कप कणीक म्हणजे साधारण १९० ग्रॅम, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, दोन चिमूट मीठ, तीन पिकलेली केळी कुस्करून, अर्धा कप दही, एक तृतीयांश कप तेल, दोन अंडी, ९० ग्रॅम गुळाची पावडर. चमचा म्हणजे मोजायचा, ५ मिलिलिटरचा. पोहे खायचा नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या घराण्यात पोहे खायच्या चमच्यानं सोडा घालून झालेला आहे.

१. केळ्याची साल डागाळून काळपट होईपर्यंत थांब — पिकताना केळ्यातल्या पिठाची साखर होते, म्हणजे गोडीचं निम्मं काम फुकटात. डागाळलेलं केळं नि सुरकुतलेली आत्या, गोडी दोघांनाही उशिराच येते.

२. केळी जास्त पिकली आणि मफिन करायला सवड नसेल, तर सोलून डब्यात घाल आणि डबा फ्रीजरमध्ये टाक — सालीसकट गोठवलेलं केळं सोलायला बसलीस की बोटंही गोठतात आणि तोंडातून नको ते शब्द जातात.

३. कणीक कपानं उपसू नकोस, चमच्यानं कपात भर आणि सुरीनं वरून सपाट कर. वजनकाटा असेल तर त्याहून बरं — पिठाच्या डब्यात कप खुपसला की पीठ दाबलं जातं, कपामागे वीस-तीस ग्रॅम जास्त येतं, आणि आपण बिचाऱ्या ओव्हनला नावं ठेवतो.

४. पहिल्या घाण्याला निम्मा मैदा राहू दे, पुढच्या वेळी पाव, मग नुसती कणीक — पोरांची जीभ बैलगाडीसारखी असते, वळते पण जागच्या जागी नाही वळत.

५. नाचणी घालायची तर पिठाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच — शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे खरं, पण तिच्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे हात सैल सोडलास तर मफिन उचलताच भुगा होतो.

आता साखरेचं. इथे जरा बसून ऐक, कारण तुझी निम्मी फसगत इथेच आहे. तू म्हणालीस, "मी साखर घालतच नाही, गूळ घालते, मध घालते." बयो, गुळाचा सदरा घातला तरी आत साखर ती साखरच. गुळाला चव आहे, रंग आहे, खमंगपणा आहे, म्हणून मी घालते. तो औषध आहे म्हणून नाही.

६. गूळ घाल, पण मोजून — वरच्या प्रमाणात एका मफिनला साडेसात ग्रॅम येतो. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम सांगितली, तेव्हा दुसरं मफिन मागितलं तर जीव टांगणीला लागत नाही.

७. दुसऱ्या कुणाची कृती हाती घेतलीस, तर पहिल्या खेपेला साखरेचा चौथा भागच कमी कर — साखर नुसती गोड नसते, ओलावा धरून ठेवते आणि वरचा तांबूस रंगही तिचाच. एकदम निम्मी उडवलीस तर मफिन आजाऱ्यासारखं फिकं दिसतं.

८. फळाचा रस नको, फळ घाल — रसात चोथा मागे राहतो नि साखर पुढे येते. जागतिक आरोग्य संघटनाही रस आणि मध दोन्ही साखरेच्याच खात्यात मांडते.

९. धाकटीचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचं नाव काढायचं नाही, भाजलेल्या मफिनातसुद्धा — मधात क्वचित जे जंतूंचे बीजाणू असतात ते मफिनाच्या आतल्या उष्णतेनं मरत नाहीत, आणि तान्ह्या आतड्यांना ते झेपत नाहीत.

१०. वेलची, जायफळ, दालचिनी यांतलं एक काहीतरी घाल, आणि मीठ विसरू नकोस — वासानं जीभ फसते, कमी गोडही पुरेसं गोड वाटतं. फसवायचंच तर असं फसवावं.

११. वसईला आलीस की सुकेळी घेऊन जा, आपल्याकडची, राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली. ती मनुकांएवढी चिरून घाल — मधाच्या थेंबासारखी दाताखाली येतात आणि पोरं विचारतात "हे काय होतं?" विचारलं म्हणजे खाल्लं.

१२. मनुका किंवा खजूर घालशील तर आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजव आणि निथळ — कोरडे घातलेस तर ते मफिनाचंच पाणी पितात, वाळवंटात सोडल्यासारखे.

फळांचे स्वभाव वेगवेगळे, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही हे मी घरच्या लग्नांपेक्षा मफिनांत जास्त शिकले. तुझ्या दादाच्या पाचव्या वाढदिवसाला मी जांभळाची मफिनं केली होती. मिश्रण असं सुरेख जांभळं, आणि मी सोडा जरा सढळ हातानं घातला. ओव्हनमधून बाहेर आली ती हिरवट-करड्या रंगाची, तळ्यातल्या शेवाळासारखी. बारा पोरांपैकी अकरांनी हात मागे घेतले. बारावा तुझा दादा, त्यानं आईच्या धाकानं खाल्लं.

१३. जांभूळ, करवंद, तुती अशी गडद फळं असतील तर सोडा वगळ आणि बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढव — त्यांचा जांभळा रंग आंबटात खुलतो आणि सोड्यात निळा-हिरवा पडतो.

१४. अननस आधी स्वतःच्याच रसात पाचेक मिनिटं शिजवून घे — कच्च्या अननसाची दह्या-दुधाशी गाठ पडली की मिश्रण कडू होतं. शिजवलं की त्याचा हा खाष्टपणा जातो.

१५. सफरचंद सालीसकट किस, पण किसून वाट बघत बसू नकोस — साल म्हणजे चोथा, तो हवाच. आणि किस पडून राहिला की काळाही पडतो आणि पाणीही सोडतो.

१६. चिकू घालायचा तर बोटाला मऊ लागणारा, डहाणू-घोलवडचा मिळाला तर देवच पावला, आणि त्या दिवशी गूळ निम्माच घाल — कच्चट चिकूचा चीक घशाला धरतो, आणि पिकलेला इतका गोड की गुळाला तिथे पाहुण्यासारखं अवघडायला होतं.

१७. संत्र्याची साल किसायची तर सोलण्याआधी, आणि नुसता नारिंगी थर — नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, सोलल्यावर किसणीवर हाताला लागत नाही. खालचा पांढरा भाग मात्र कडू.

१८. फळांचे तुकडे मिश्रणात थोडेच घाल, उरलेले कपात भरल्यावर वरून टोच — पिठात घोळवलेलं फळ बुडत नाही असं सगळ्या सांगतात, माझं तरी बुडालं. मिश्रण दाट असलं की फळ तरंगतं, आणि वरून दिसलं की पोरं कप आधी उचलतात.

१९. पाच वर्षांखालच्या पोराला अख्खे बदाम-काजू नकोत, भरड पूड घाल. द्राक्षं असतील तर उभी चिर — इवल्याशा श्वासनळीला गोल, कडक वस्तूचा फार धोका. आणि डब्यात सुकामेवा चालतो का ते शाळेत विचारून ठेव, शेजारच्या बाकावरच्या पोराला त्याची ॲलर्जी असू शकते.

आता ढवळणं. खड्डा आणि चिवटपणा, दोन्हींचा उगम बहुतेक इथे.

२०. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, आणि दोन्ही एकत्र केल्यावर उलथन्यानं दहा-बारा वेळा खालून वर घे, बस. गुठळ्या राहिल्या तर राहू देत — जास्त फेटलंस की ग्लुटेन ताणतं, मफिन रबरी होतं, आत बोगदे पडतात. ढवळणारा थकला नाही तर खाणारा थकतो.

२१. कपांत भरून दहा मिनिटं ठेव, तोवर ओव्हन तापेल — कणकेतला कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि खाताना घशात खरखरत नाही. बेकिंग पावडरचं बरंचसं काम उष्णतेत होतं म्हणून एवढा वेळ ती थांबते. फ्रूट सॉल्ट घातलंस तर मात्र लगेच आत ढकल, त्याचा फेस घटकाभराचा पाहुणा.

२२. खळगा पडला म्हणून पुढच्या वेळी सोडा वाढवू नकोस, कमी करून बघ — वायू जास्त झाला की मफिन भराभर फुगतं आणि आधार नसल्यानं खाली बसतं, शिवाय साबणासारखी चव.

२३. बेकिंग पावडरच्या डबीवर उघडल्याची तारीख लिही, आणि शंका आली की अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघ — फसफसली तर जिवंत, गप्प बसली तर तिला राम म्हण.

२४. तेल पूर्ण वगळायचा हट्ट धरू नकोस, फार तर निम्म्याच्या जागी दही किंवा कुस्करलेलं फळ घाल — स्निग्धता अजिबात नसलेलं मफिन दुसऱ्या दिवशी खोडरबर.

२५. तेल कमी असेल तर कागदी कप नकोत, किंवा त्यांना आतून तेलाचं बोट फिरव — कमी तेलाचं मफिन कागदाला असं चिकटतं की पोरं निम्मा कागद चाखतात. कागद सोलायचाही पूर्ण गार झाल्यावरच.

२६. कप पाऊण भर, पहिली पाच मिनिटं २००ला, मग १८०ला आणून पंधरा-सोळा मिनिटं — सुरुवातीच्या धगीनं डोकं टोपीसारखं वर येतं. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्हीकडे वीस अंश कमी.

२७. ओव्हनचं दार आणि झोपलेल्या बाळाचं पांघरूण, सारखं उघडून बघू नये — पहिल्या पंधरा मिनिटांत दार उघडलंस की उष्णता निघून जाते आणि अर्धवट फुगलेलं मफिन खाली बसतं. तुझा खळगा बहुधा असाच पडलाय. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

२८. टूथपिक दोन जागी टोचून बघ — एकदा ती केळ्याच्या तुकड्यात घुसते, ओली येते, आणि आपण झालेलं मफिन उगाच वाळवतो. एखाद-दुसरा ओलसर कण चिकटला तर चालेल, ओलं पीठ नको.

२९. पाच मिनिटांनी ट्रेमधून काढून जाळीवर ठेव, आणि पुरतं गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लावू नकोस — फळांची मफिनं ओली असतात. वाफ कोंडली की बुरशी मांडली, त्यात आपला पावसाळा म्हणजे बुरशीचं माहेर.

३०. एका दिवसाची बाहेर ठेव, बाकी फ्रीजरमध्ये — सकाळी गोठलेलं मफिन डब्यात टाकलं की मधल्या सुट्टीपर्यंत आपोआप सुटतं, आणि सकाळी सहा वाजता तुला पराक्रम करावा लागत नाही.

३१. पोरांसमोर "पौष्टिक" हा शब्द उच्चारू नकोस, नुसतं "केळ्याचं मफिन" म्हण — औषध म्हणून दिलेला पेढाही कडू लागतो. केळी कुस्करायचं काम मोठ्या पोरांकडे दे, सांडलवंड होईल ती होऊ दे. स्वतः कुस्करलेलं नाकारायला पोरांनाही लाज वाटते.

३२. ट्रे त्याच रात्री भिजत घाल — वाळलेलं मिश्रण सकाळी खरवडताना जो राग येतो तो डबा भरताना पोरांवर निघतो, आणि त्यांनी तर बिचाऱ्यांनी नुसतं मफिनच खाल्लेलं असतं.